शाळेला पडदा देणाऱ्यांनो, वीजबिलाचेही बघा

प्रति,
जिल्हा परिषद शाळांना डिजिटल वर्ग भेट देणारे सर्व दाते: कंपन्यांचे सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा खर्च पाहणारे) विभाग, माजी विद्यार्थी, मुंबई-पुण्यात आणि परदेशात स्थायिक झालेली गावची मंडळी, गणेश मंडळे आणि लोकप्रतिनिधी यांस,

स.न.वि.वि.

आम्ही खेड्यापाड्यांतल्या शाळांत विज्ञान शिकवणारे आणि तिथली उपकरणे दुरुस्त करणारे काही जण आहोत. आपण शाळेला टीव्ही, प्रोजेक्टर, संगणक देता, त्याचे मोल आम्हाला ठाऊक आहे. पण फीत कापली, फोटो निघाला, पेपरात बातमी आली, की त्या पडद्याला पुढे महिन्याकाठी काय लागणार याचे नाव कोणी काढत नाही. विज्ञानपटात भविष्यातली शाळा दाखवतात ती आठवा. भिंतभर पडदा, हवेत तरंगणारे आकडे, एकही वायर लोंबत नाही आणि झाडू मारणारे माणूस कुठे दिसत नाही. देणग्यांच्या प्रस्तावांतली शाळाही बरेचदा अशीच असते. आमच्याकडची शाळा मात्र वायरीवर आणि झाडूवरच चालते, म्हणून हे पत्र.

आधी शाळेच्या हाती किती पैसा असतो ते बघा. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला वर्षातून एकदा संयुक्त शाळा अनुदान मिळते. त्याचे दर पटावर ठरतात: ३० पटापर्यंत १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, हजारपर्यंत ७५,००० आणि त्यापुढे एक लाख. यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. राज्यात कमी पटाच्या हजारो शाळा आहेत. तीसच्या आतल्या शाळेला स्वच्छतेचा वाटा काढल्यावर ९,००० उरतात, म्हणजे महिन्याला ७५०. यातच खडू, हजेरीपत्रके, पिण्याचे पाणी, नळाची तोटी, फुटलेले कौल, इंटरनेट आणि वीजबिल. ग्रंथालय आणि खेळासाठी वेगळे अनुदान असते, प्राथमिकला प्रत्येकी ५,०००, पण ते त्याच कामाला वापरावे लागते. बरे, ही रक्कम जूनमध्ये येईल असे धरून चालता येत नाही. वर्ष सरत आल्यावर खर्चाची मर्यादा मंजूर होते, पीएफएमएस या सरकारी ऑनलाइन देयकप्रणालीवर देयक चढवायची घाई होते आणि ३१ मार्चला न वापरलेली रक्कम परत जाते. मधल्या काळात मुख्याध्यापक खिशातून भरतात किंवा बिल थकते.

थकलेले बिल हेच पडदा काळा पडण्याचे पहिले कारण. गंमत अशी, की पडदा स्वतः वीज फारशी खात नाही. ५० इंची एलईडी टीव्ही साधारण १२० वॅट घेतो, स्पीकरचे २० धरा. रोज दीड तास, महिन्यात २२ दिवस चालवला तर पाच युनिटसुद्धा होत नाहीत. त्याच शाळेतले चार जुने पंखे, प्रत्येकी ७५ वॅटचे, रोज सहा तास चालले की महिन्याला सुमारे ४० युनिट. पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या मोटरचे बसवले, प्रत्येकी ३० वॅटचे, तर तेच काम १६ युनिटमध्ये. टाकीत पाणी चढवणारी एक एचपीची मोटर रोज अर्धा तास चालली तर आणखी दहा-अकरा युनिट. शिवाय वीज वापरा न वापरा, स्थिर आकार असतोच. मे महिन्यात शाळेला कुलूप असते, पण बिल येते. ते दाराच्या फटीतून आत पडते आणि जूनमध्ये सापडते, तोवर विलंब आकार चढलेला असतो. दोन-तीन बिले साचली की जोडणी तोडली जाते आणि पुन्हा जोडायचा आकार वेगळा पडतो. हा सगळा घोळ महिन्याला काही शेकड्यांचा आहे. त्यापायी पन्नास हजारांचा पडदा भिंतीवर नुसता लटकतो.

आपल्यापैकी कोणी देणगी देण्याआधी शाळेचे बिल मागून पाहिले तर बरे. महावितरणच्या दरपत्रकात सरकारी शाळा आणि रुग्णालयांसाठी ‘सार्वजनिक सेवा’ असा वेगळा वर्ग आहे. बिलावर वाणिज्यिक छापले असेल तर मुख्याध्यापकांनी अर्ज करून तो बदलून घ्यावा. मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती वीज घ्यायची परवानगी आहे, हेही बघावे, कारण नव्या उपकरणांनी तो ओलांडला की वेगळीच कटकट. जोडणी कोणाच्या नावावर आहे, शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या की फार पूर्वी बदली होऊन गेलेल्या गुरुजींच्या, ही बाब क्षुल्लक वाटते, पण बिल कोणी भरायचे याचे भांडण तिथूनच सुरू होते.

दुसरे कारण वायरिंग. जुन्या खोल्यांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या पिनेच्या मागे काहीच जोडलेले नसते. वायरमनकडून मल्टिमीटरने मोजून घ्या: फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ तेवढेच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. न्यूट्रल-अर्थ दहा-वीस दिसले तर आधी अर्थिंग नीट करा, टीव्ही नंतर. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ भरले तरी उन्हाळ्यात जमीन सुकते आणि रोध वाढतो. म्हणून मार्चपासून आठवड्याला एक बादली पाणी. मुले हात लावतात अशा जागी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच हवाच, त्यावर काटकसर नको. रोहित्राकडून (ट्रान्सफॉर्मरकडून) येणारा न्यूट्रल तुटला की तीन फेजच्या जोडणीत एखाद्या फेजवर व्होल्टेज ४०० च्या दिशेने चढते आणि त्या क्षणी चालू असलेले सगळे जळते. अशा वेळी वॉरंटीही कामाला येत नाही, कारण कंपन्या जादा दाबाने जळालेला बोर्ड बदलून देत नाहीत. टीव्हीसाठी स्वतंत्र एमसीबी (जादा प्रवाह झाला की पडणारा स्विच) आणि जादा दाबाला तोडणारे संरक्षण घेतले तर हजार-दोन हजारांत काम भागते.

तिसरे, धूळ आणि किडे. प्रोजेक्टर खडूच्या वर्गात लावला की गाळणी महिन्यात बुजते, आत उष्णता साठते आणि तो आपोआप बंद पडू लागतो. ब्रशने गाळणी साफ करायला पाच मिनिटे लागतात, पण ती कुठे असते हे बसवणाऱ्याने कोणाला दाखवलेले नसते. जुन्या पद्धतीचा दिवा तीन ते पाच हजार तास टिकतो. वर्ग संपला म्हणून कोणी मुख्य बटण बंद केले, की पंख्याला दिवा थंड करायला वेळ मिळत नाही आणि आयुष्य घटते. नवा दिवा काही हजारांचा, तो कोणत्याच अनुदानाच्या रकान्यात बसत नाही. कोकणात दमटपणाने बोर्डावर हिरवट गंज धरतो, घाटावर आणि मराठवाड्यात उंदीर वायर कुरतडतात, आणि पाल इन्व्हर्टरमध्ये शिरून स्वतःही जाते आणि इन्व्हर्टरही नेते.

इन्व्हर्टरचा हिशेबही दात्यांना कोणी सांगत नाही. १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. ती रोज निम्म्याच्या खाली उतरवली तर लवकर मरते, म्हणून ९०० धरा, आणि इन्व्हर्टरची गळती वजा जाता साधारण ७५० हाती लागतात. टीव्ही, स्पीकर आणि दोन पंखे मिळून २९० वॅट, म्हणजे अडीच तास. प्रोजेक्टर, लॅपटॉप, स्पीकर, पंखे मिळून ५२० वॅट, म्हणजे दीड तासाच्या आतच. भारनियमनाच्या गावात प्रोजेक्टरपेक्षा टीव्ही बरा, असे आम्ही म्हणतो ते यामुळे. बॅटरीत दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते. उन्हाळ्याच्या सुट्टीत कोणी लक्ष दिले नाही तर पाणी पातळीखाली जाते, प्लेटा उघड्या पडतात आणि जूनमध्ये बॅटरी चार्ज धरत नाही. नवी चांगली बॅटरी दहा हजारांच्या पुढेच जाते. म्हणजे लहान शाळेचे वर्षभराचे अख्खे अनुदान. बैल दान दिला, वैरण मात्र गोठ्यानेच शोधावी, असा हा व्यवहार आहे.

यावर कोणी म्हणेल, सौर पॅनल द्या. द्या, जरूर द्या. एक किलोवॅट पॅनल आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिट देते आणि लहान शाळेला ते पुरून उरते. नेट मीटर असेल तर सुट्टीतली वीज ग्रीडमध्ये जमा होते, हा शाळेसाठी मोठा फायदा. पण स्थिर आकार माफ होत नाही, पॅनलवरची धूळ पंधरवड्याला धुवावी लागते, आणि छतावर चढणार कोण हा प्रश्न उरतोच. जिल्हा परिषदेच्या बहुतेक प्राथमिक शाळांत शिपाई नसतो.

आता पैशाकडे वळू. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली, म्हणजे सीएसआरचा खर्च करणाऱ्या कंपन्यांना ‘चालू प्रकल्प’ घेता येतो: सुरुवातीचे आर्थिक वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत. त्यामुळे ‘आमच्या नियमात एकदाच वस्तू देता येते’ हे उत्तर आम्हाला पटत नाही. नियमात जागा आहे, प्रस्ताव लिहिणाऱ्याला ती नको असते, कारण वीजबिलाचा फोटो चांगला येत नाही. खासदार निधीचे तसे नाही, तो टिकाऊ मालमत्तेसाठीच आहे. तिथे लोकप्रतिनिधींनी टीव्हीऐवजी अर्थिंग, नवे वायरिंग, संरक्षक भिंत, मुलींचे स्वच्छतागृह अशी कामे घ्यावीत आणि पडदा दुसऱ्या कोणाला देऊ द्यावा.

एक लाख रुपये हाताशी असतील तर आमचा हिशेब असा, बाजारभावाने थोडे वरखाली होईल: टीव्हीला ३५,०००, अर्थिंग, आरसीसीबी आणि वेगळ्या वायरिंगला ९,०००, इन्व्हर्टर-बॅटरीला २५,०००, स्पीकर, खिडक्यांचे काळे पडदे, भिंतीचा स्टँड, कुलुपाची पेटी यांना ८,०००. उरले २३,०००. ते छत्तीस महिन्यांत विभागले तर महिन्याला सुमारे ६४० रुपये वीजबिल आणि देखभालीला मिळतात. ही रक्कम शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात हेतू लिहून जमा करावी. शिक्षणहक्क कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला. खर्च तिच्या बैठकीत वाचून दाखवला जातो, तेव्हा हिशेबाची भीती बाळगायचे कारण नाही. समितीने शाळा विकास आराखडा करायचा असतो, आर्थिक वर्ष संपायच्या तीन महिने आधी. आपण देणगीचे बोलणे दिवाळीच्या सुमारास केले तर ती त्या आराखड्यात बसते. २५ मार्चला फोन करून ‘उद्या टेम्पो येतोय, जागा करून ठेवा’ असे सांगितले, की काय होते ते आम्ही पाहत असतो.

टीव्ही केवढा घ्यावा यातही गडबड होते. वाचण्यासारखा मजकूर असेल तर शेवटचे मूल पडद्याच्या उंचीच्या सहापटीपेक्षा लांब बसू नये. ४३ इंची टीव्हीची उंची साधारण ५४ सेंटिमीटर, म्हणजे सव्वातीन मीटर. ५० इंचीला पावणेचार, ५५ इंचीला चार मीटरच्या थोडे पुढे. सहा मीटर लांबीच्या खोलीत मागच्या ओळींना उपशीर्षके दिसतच नाहीत. मग मागची मुले बोलतात आणि शिक्षक त्यांना दटावतात. बाके हलवून अर्धवर्तुळ करा, लहानांना पुढे सतरंजीवर बसवा, आणि एका मुलाला उपशीर्षके मोठ्याने वाचायला सांगा. टीव्हीचा आतला स्पीकर मागे तोंड करून असतो, त्याचा आवाज भिंतीला सांगितला जातो. साधा बाहेरचा स्पीकर मुलांच्या कानाच्या उंचीवर ठेवला तर निम्म्या आवाजात काम होते. पत्र्याच्या छताखाली जुलैत पाऊस लागला की काहीच ऐकू येत नाही, त्यावर आमच्याकडे उपाय नाही. एक आहे म्हणा, मूकपट. तो पुढे येतोच.

‘कंटेंट’ नावाचा एक डबा आपण टीव्हीसोबत देता, त्याबद्दल थोडेच. त्याचा परवाना ठरावीक वर्षांचा असतो, डोंगल हरवले की संपते, आणि पाठ्यपुस्तक बदलले की आतले धडे शिळे होतात. शिवाय त्यातले बरेचसे म्हणजे पुस्तकाची पाने पडद्यावर. पुस्तक मुलांकडे आहेच. ते पैसे वाचवा.

मग पडद्यावर दाखवायचे काय? आमचे मत असे, की विज्ञान शिकवायला विज्ञानपटासारखे साधन नाही, आणि तो जितका चुकीचा तितका कामाचा. पूर्ण चित्रपट शनिवारी लावून सोडून देणे म्हणजे वेळ घालवणे, मुलांना फक्त स्फोट आठवतात. सहा-आठ मिनिटांचा तुकडा घ्यावा. शिक्षकाने तो आदल्या दिवशी पाहून वेळ लिहून ठेवावी, घटना घडण्याच्या क्षणभर आधी थांबवावे, आणि पुढे काय होईल व का, हे मुलांनी वहीत लिहावे. मग पुढचे दाखवावे, आणि प्रयोगाने किंवा गणिताने तपासावे. चाळीस मिनिटांच्या तासिकेत अंदाजाला पाच, तुकड्याला सात, प्रयोगाला पंधरा मिनिटे, बाकी वादाला. ‘हे सगळे खोटे असते’ असे शिक्षक सुरुवातीलाच म्हणाले की खेळ संपला. यातली कोणती एक गोष्ट खरी आहे ते शोधा, असे म्हणाले की वर्ग जागा होतो.

मूकपट म्हणालो, तो जॉर्ज मेलिएसचा १९०२ सालचा चंद्रप्रवासाचा लघुपट. तेरा-चौदा मिनिटांचा, संवाद नाहीत, त्यामुळे भाषेची अडचण नाही आणि पत्र्यावरच्या पावसाचीही. त्यात माणसे बसलेला गोळा तोफेतून चंद्रावर डागतात. नववीच्या पुस्तकात पहिलाच पाठ गतीच्या नियमांचा आहे, दहावीत मुक्तिवेग, म्हणजे पृथ्वीच्या ओढीतून सुटायला लागणारा वेग येतो. मुक्तिवेग सेकंदाला ११.२ किलोमीटर, तोफेची नळी ३०० मीटर धरा आणि गतीच्या सूत्रात (वेगाचा वर्ग = २ × त्वरण × अंतर) घाला. त्वरण येते सेकंदाच्या वर्गाला सुमारे २,०९,००० मीटर, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या एकवीस हजार पट. ४० किलोच्या मुलावर साडेआठशे टनांचा भार. प्रवासी तोफेतून निघायच्या आतच चिरडले, हे मुले स्वतः काढतात. अग्निबाण हळूहळू वेग का वाढवतो हे मग वेगळे शिकवावे लागत नाही, आणि चांद्रयान ३ ला चंद्रावर उतरायला जुलैच्या मध्यापासून २३ ऑगस्ट २०२३ पर्यंतचा वेळ का लागला, ते मुले आपण होऊन विचारतात.

मंगळावरच्या वादळाचा प्रसंग ‘द मार्शियन’ या २०१५ च्या चित्रपटात आहे. वाऱ्याने यान कलू लागते. मंगळावरच्या हवेची घनता घनमीटरला सुमारे ०.०२ किलो, आपल्याकडे १.२, म्हणजे साठपट फरक. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणून मंगळावरचा ताशी १०० किलोमीटरचा वारा अंगाला लागेल तो आपल्याकडच्या ताशी १३ किलोमीटरच्या झुळकेइतका. टेबलफॅनपुढे पुठ्ठा धरून वेग दुप्पट केल्यावर जोर किती वाढतो ते अंदाजाने दाखवता येते. त्याच चित्रपटात नायक मंगळावर बटाटे पिकवतो, आणि इथे पुणे जिल्ह्यातल्या खेड-आंबेगाव या बटाट्याच्या पट्ट्यातल्या मुलांपुढे शिक्षकाने गप्प बसावे. सातगाव पठारावरचे पोर विचारते, बेणे किती, पाणी किती, पीक निघेपर्यंत तीन महिने खायचे काय. शंभर ग्रॅम बटाट्यात साधारण ७७ किलोकॅलरी, माणसाला दिवसाला २,४०० धरल्या तर रोज तीन किलोच्या वर बटाटे. वर्षाचे अकराशे किलो. तेवढे किती गुंठ्यांत निघतील हे घरी विचारून या, असा गृहपाठ दिला की आई-वडीलही चित्रपटावर बोलतात. शेवटी मंगळाच्या मातीतल्या परक्लोरेट या क्षाराचे सांगावे, २००८ मध्ये फिनिक्स यानाला ते सापडले आणि ते माणसाला अपायकारक आहे. तरी हा चित्रपट आम्हाला आवडतो. त्यातला माणूस हिशेब करतो.

अंतराळात तरंगणारी माणसे दाखवली, की वर्ग एकमुखाने सांगतो, ‘तिथे गुरुत्वाकर्षण नसते’. अंतराळस्थानक जेमतेम ४०० किलोमीटर वर आहे आणि तिथले गुरुत्वाकर्षण इथल्याच्या जवळपास नव्वद टक्के आहे. एक लिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्या, तळाशी तापलेल्या दाभणाने भोक पाडा, पाणी भरा, झाकण उघडेच ठेवा. धार लागते. आता बाकावर उभे राहून दोन मीटरवरून बाटली सोडून द्या. पडताना धार थांबते, कारण बाटली आणि पाणी दोन्ही सारखेच पडतात. पडायला जेमतेम ०.६४ सेकंद लागतात, म्हणून मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये टिपा आणि टीव्हीवर दाखवा. आपण दिलेल्या पडद्याचा इतका चांगला उपयोग दुसऱ्या कशाचाही नसेल. भोक फार बारीक असेल तर धार मुळातच दिसत नाही, दोन-तीन मिलिमीटरचे हवे.

घराएवढी मुंगी आली तर? मुंगी लांबी-रुंदी-उंचीत हजारपट केली, तर वजन शंभर कोटी पट आणि पायाच्या छेदाचे क्षेत्रफळ दहा लाख पट. म्हणजे पायावर दाब हजारपट, ती उभीच राहणार नाही. आठवी-नववीची घनफळे अशी शिकवली तर लक्षात राहतात. लेझरच्या लढाईत किरण बाजूने दिसतात ते का खोटे, हे अगरबत्तीच्या धुराने आणि पॉइंटरने दाखवावे, फक्त डोळ्यांकडे रोख जाऊ देऊ नये. आणि निर्वात अवकाशातली शांतता दाखवायची तर १९६८ चा ‘२००१: ए स्पेस ओडिसी’, त्यात यानाबाहेर स्फोटांचे आवाज भरलेले नाहीत. आपल्याकडच्या विज्ञानपटांबद्दल बोलायचे तर त्यांत विज्ञान बहुधा चमत्काराची जागा घेते आणि मध्यंतरानंतर मारामारी. मराठीत जयंत नारळीकरांसारख्याने आयुष्यभर विज्ञानकथा लिहिल्या, तरी मराठी विज्ञानपट बोटांवर मोजावे लागतात. सीएसआरवाल्यांपैकी कोणाला खरेच ‘कंटेंट’ द्यायचे असेल, तर वीस मिनिटांच्या मराठी विज्ञानपटांना पैसे द्या.

काही व्यवहाराच्या गोष्टी. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार शैक्षणिक संस्थेच्या कामकाजात विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित लोक एवढ्यांनाच चित्रपट दाखवता येतो. मैदानात पडदा लावून अख्ख्या गावाला बोलावले की ही सवलत सुटते. चोरीची प्रत वापरू नये हे सांगायला नको. सेन्सॉरचे प्रमाणपत्र बघावे, आता यूएमध्येही ७, १३ आणि १६ वर्षांचे टप्पे आहेत. पेनड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या मांडणीत फॉरमॅट केला असेल तरच जुन्या टीव्हीला कळतो आणि त्यात चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. चित्र दिसते पण आवाज येत नाही अशी तक्रार बहुतेक वेळा ध्वनीच्या प्रकाराची असते. एमपी४ फाइल, चित्र एच.२६४ आणि ध्वनी एएसी, एवढे जमवले तर जवळपास सगळीकडे चालते. यूट्यूबवरून थेट दाखवायला गेलात की नेट अडकते, आणि ऐन गुरुत्वाकर्षणाच्या क्षणी साबणाची जाहिरात येते.

विज्ञानपटाचा आणखी एक उपयोग आहे, तो अहवालात लिहिता येत नाही. यंत्रमानव घरची भांडी घासतो असा प्रसंग दाखवून विचारावे, आत्ता ही कामे कोण करते. शाळेतला वर्ग कोण झाडते? शिपाई नाही म्हणून मुले झाडतात, आणि बऱ्याच शाळांत ‘मुले’ म्हणजे मुली. स्वच्छतागृहात पाणी ओतायला कोणाला पाठवले जाते, यात जातही डोकावते. टीव्हीचा रिमोट कोणाच्या हातात असतो? घरी मोबाइल भावाकडे आणि शाळेत रिमोट मुलांकडे, असे व्हायला वेळ लागत नाही. त्यावर साधा उपाय म्हणजे पाळीचा तक्ता: झाडू, पाणी, रिमोट, उपशीर्षक-वाचन, चारही कामे सर्वांना फिरून. परग्रहावरून आलेल्यांना गावात घ्यायचे की हाकलायचे, या प्रसंगावर बोलताना ऊसतोडीहून एप्रिल-मेमध्ये परतणाऱ्या मुलांचा विषय काढता येतो. बीडसारख्या जिल्ह्यांतून कुटुंबे दिवाळीनंतर कारखान्याकडे जातात, मुले अर्धे वर्ष बाहेर असतात, आणि परत आल्यावर वर्गात पाहुण्यासारखी बसतात. ती वर्गात असतील अशा महिन्यांत हे तुकडे दाखवा, निदान जून ते ऑक्टोबर.

एवढे सगळे शिक्षकाने करायचे तर त्याला वेळ हवा. दोन शिक्षकी शाळेत चार इयत्ता असतात आणि त्यातला एक ऑनलाइन माहिती भरत असतो. आपण देणगीबरोबर ‘रोज वापराचा फोटो पाठवा’ अशी अट घालता, तेव्हा त्या माहितीत आणखी एक भर पडते. तीन महिन्यांतून एकदा वीजबिलाची पावती आणि वापराच्या नोंदवहीचे एक पान मागा, तेवढ्याने आपल्याला सगळे कळेल.

जाता जाता मेलेल्या उपकरणांचे. शाळेला दिलेली प्रत्येक वस्तू जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढते. ती बिघडली तरी निर्लेखनाच्या, म्हणजे नोंदवहीतून कमी करण्याच्या मंजुरीशिवाय हलवता येत नाही. म्हणून कित्येक शाळांत एक खोली जुन्या सीआरटी मॉनिटर, प्रिंटर आणि फुगलेल्या बॅटऱ्यांनी भरलेली असते, आणि दोन इयत्ता एका खोलीत बसतात. देणगीपत्रातच उपकरणाचे आयुष्य किती वर्षे धरले आहे आणि ते संपल्यावर नोंदणीकृत ई-कचरा पुनर्वापरकर्त्याकडे नेण्याचा खर्च कोण करेल, हे लिहून द्या. दुरुस्तीला माणूस किती दिवसांत येईल, तो तालुक्यातला आहे की मुंबईचा, हेही त्याच कागदावर येऊ द्या.

राज्यात बहुतेक ठिकाणी शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भात त्याहून उशिरा. या वर्षी ज्यांचा पडदा द्यायचा विचार आहे त्यांनी त्याआधी मुख्याध्यापकांना तीन गोष्टी विचाराव्यात: थकीत बिल किती, न्यूट्रल-अर्थ किती व्होल्ट, आणि शेवटचे बाक पडद्यापासून किती मीटर. उत्तरे आल्यावर मग खरेदीला लागा.

आपले,
ग्रामीण शाळांतील काही विज्ञान शिक्षक व दुरुस्ती करणारे

ता. क. आधीच दिलेल्या टीव्हीसाठी: उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी नुसते बटण बंद करून भागत नाही. प्लग काढा, डिश किंवा ब्रॉडबँडची केबलही काढा, कारण वळवाच्या पावसातली वीज त्या केबलमधूनही आत येते. बॅटरीची पाणी-पातळी भरून ठेवा, आणि मे महिन्याचे बिल ऑनलाइन भरायची जबाबदारी समितीतल्या एका पालकाच्या नावावर लिहून ठेवा.